ओसरीवर आलेले दुसरे गाव

चतुर्थीला कळंबचे रूप पालटते. चिंतामणीच्या दर्शनाला आसपासच्या खेड्यांतून माणसे लोटतात. बसस्थानकावर पाय ठेवायला जागा राहत नाही. कोणाच्या घरी सोयरे उतरतात आणि पिठाचा डबा एका दिवसात तळाला जातो. तरी घरची बाई कुरकुर करीत नाही. दर्शन झाले की संध्याकाळच्या गाडीने पाहुणे आपापल्या गावी जाणार, हे तिला ठाऊक असते.

वाचकहो, आता अशी कल्पना करा की एखाद्या दिवशी माणसे आली ती परतलीच नाहीत. दुसऱ्या दिवशी तेवढीच आणखी आली. अंगावरच्या कपड्यानिशी आली, कडेवर लेकरू आणि डोक्यावर एखादे गाठोडे घेऊन. त्यांची घरे जाळली गेली आहेत, त्यांना परतीची गाडी नाही. शाळा भरली, देवळाचा सभामंडप भरला, बाजारातले शेड भरले. विहिरीवर रांग लागली. आठ-दहा दिवस आपण अर्धी भाकर काढून देऊ. महिन्याने काय करू? सहा महिन्यांनी काय करू?

पहिल्या दिवशी पाहुणा, दुसऱ्या दिवशी पई, तिसऱ्या दिवशी राही त्याची अक्कल जाई, अशी म्हण आपल्याकडे आहे. ती हौसेने मुक्काम लांबवणाऱ्यासाठी आहे. ज्याला परत जायला घरच उरले नाही त्याला ती लावता येत नाही. पण ज्याच्या ओसरीवर तो येऊन बसला, त्या घराची ओढाताण होते हेही तितकेच खरे. आश्रय मागणाऱ्याचे दुःख आणि आश्रय देणाऱ्याची ओढाताण, दोन्ही एकदमच ध्यानात घ्यावी लागतात. मग प्रश्न येतो तो असा, की हा भार कोणी आणि किती उचलायचा? आज त्याविषयी बोलू.

शंभर घरांत नव्वद घरांचे पाहुणे

वर सांगितली तशी गोष्ट आपल्या देशात खरोखर घडलेली आहे. १९७१ च्या २५ मार्चच्या रात्री तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानात, ढाका शहरात, पाकिस्तानी लष्कराने कत्तल सुरू केली. तेथून माणसे सरहद्द ओलांडून भारतात येऊ लागली. डिसेंबरपर्यंत त्यांची संख्या सुमारे एक कोटी झाली. जवळपास ७५ लाख पश्चिम बंगालात आली, १४ लाख त्रिपुरात, साडेसहा लाखांवर मेघालयात आणि तीन लाखांवर आसामात. आठशेहून जास्त छावण्या उघडल्या, तरी त्या पुरल्या नाहीत. सुमारे तीस लाख माणसे छावणीबाहेर, नातलगांच्या आणि ओळखीपाळखीच्या घरी राहिली.

आकडे मोठे असले की डोळ्यांपुढे काही उभे राहत नाही, म्हणून त्रिपुराचा हिशेब आपल्या मापाने करू. १९७१ च्या जनगणनेत त्या छोट्या डोंगरी मुलखाची लोकसंख्या साडेपंधरा लाखांच्या आसपास होती आणि आलेले लोक १४ लाख. म्हणजे शंभर उंबऱ्यांच्या गावात नव्वद उंबऱ्यांची माणसे येऊन राहिली. गाव तेच, विहीर तीच, रान तेच, आणि खाणारी तोंडे जवळजवळ दुप्पट.

अशा वेळी सगळ्यांत आधी कोणाला झळ पोचते, हे शेतकऱ्याच्या घरात सांगायला नको. पहिली झळ मजुराला. उपाशी माणूस निम्म्या मजुरीतही निंदणाला उभा राहतो, आणि गावातल्या मजुराचा भाव उतरतो. दुसरी झळ बाईला. पाण्याची खेप लांबते, सरपणाला आणखी दूर जावे लागते. तिसरी झळ लेकरांना, कारण शाळेत छावणी झाली की वर्ग बंद. आणि धान्य, तेल, रॉकेल यांचे भाव चढतात ते सगळ्यांनाच लागतात. धान्य विकणाऱ्या मोठ्या घराला त्यातून चार पैसे जास्तही मिळतात. म्हणजे आलेल्यांचा भार एका गावातसुद्धा सर्वांवर सारखा पडत नाही. ज्याच्याजवळ कमी त्याच्यावर तो जास्त पडतो. पुढे देशादेशांतही हेच दिसेल, म्हणून हे लक्षात ठेवा.

त्या उन्हाळ्यात छावण्यांत पटकीची, म्हणजे कॉलऱ्याची साथ पसरली. सरहद्दीवरच्या बनगाव येथील रुग्णालयात खाटा पुरेनात, रोगी जमिनीवर झोपवावे लागले आणि शिरेतून द्यायची सलाइन संपत आली. तेथे डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा पाण्यात विरघळवून ते पाणी रोग्यांना पाजायचे ठरवले. पाजायचे काम रोग्याबरोबर आलेल्या आई-बापांनीच केले. जेथे शंभरात पंचवीस-तीस रोगी दगावत होते, तेथे ते प्रमाण चारापेक्षा खाली आले. आज आरोग्य केंद्रात मिळणाऱ्या जलसंजीवनीच्या पुडीमागे त्या छावणीतला अनुभव आहे. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये वारले आणि पुढच्या वर्षी त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले.

घरात पुडी नसेल तर एक लिटर उकळून निववलेल्या पाण्यात सपाट चमच्याने सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ घालावे. चमचा चहाचा घ्यावा. जुलाब होत असतील तर हे पाणी थोडे थोडे पाजत राहावे आणि लेकरू मलूल दिसले तर वेळ न घालवता दवाखाना गाठावा. मापात हयगय नको. मीठ जास्त पडले तर अपाय होतो.

पाकिटामागे पाच पैसे

आता या सगळ्याचा खर्च कोणी सोसला ते पाहू. एप्रिल १९७१ मध्येच भारताने संयुक्त राष्ट्रांकडे मदत मागितली. निर्वासितांचे काम पाहणाऱ्या उच्चायुक्तांकडे, म्हणजे सद्रुद्दीन आगाखान यांच्याकडे मदत गोळा करण्याचे काम आले. निरनिराळ्या देशांनी धान्य, औषधे, तंबू आणि पैसा दिला. न्यूयॉर्कमध्ये १ ऑगस्टला पंडित रविशंकर आणि जॉर्ज हॅरिसन यांनी मदतीसाठी जलसा केला. संयुक्त राष्ट्रांच्या मार्फत आलेली मदत शेवटी १८ कोटी डॉलरच्या थोडी वर गेली. प्रत्यक्ष खर्च याच्या कितीतरी पुढे होता. उरलेला बोजा भारताने आपल्या तिजोरीतून उचलला.

तिजोरीतून म्हणजे तुमच्या-आमच्या घरातूनच. त्या वर्षी सरकारने रेल्वेच्या तिकिटावर, विमानप्रवासावर आणि टपालावर जादा कर बसवला. १५ नोव्हेंबर १९७१ पासून पाकिटावर नेहमीच्या तिकिटाशिवाय पाच पैशांचे आणखी एक तिकीट लावावे लागे. घाईत नवे तिकीट छापून झाले नव्हते, म्हणून कुटुंबनियोजनाच्या तिकिटावरच निर्वासित सहाय्याचा छाप मारून ते विकले गेले. पुढे निर्वासितांचे चित्र असलेले तिकीट निघाले. हा कर १९७३ च्या मार्चअखेरपर्यंत चालला. घरातल्या जुन्या पत्रांच्या गठ्ठ्यात पाहिलेत तर एखादे तिकीट अजूनही सापडेल.

विचार करा, यवतमाळ जिल्ह्यातल्या ज्या माणसाने त्रिपुरा कधी पाहिला नव्हता, त्याने मुंबईच्या लेकाला पत्र टाकताना त्रिपुरातल्या छावणीसाठी पाच पैसे मोजले. त्याच काळात सरहद्दीवरची गर्दी हलकी करण्यासाठी काही लोकांना आतल्या भागात, रायपूरजवळच्या माना येथील छावणीत आणले गेले. ओझे एकाच दारावर राहू द्यायचे नाही, ही समज देशाच्या आत तरी दाखवली गेली. देशाबाहेर ती अर्धीमुर्धीच दिसली.

डिसेंबरात लढाई झाली, बांगलादेश स्वतंत्र झाला आणि जानेवारी १९७२ पासून लोक परतू लागले. निघताना त्यांना वाटखर्चीचे धान्य आणि पोचल्यावर पंधरा दिवस पुरेल इतका शिधा दिला गेला. फेब्रुवारीअखेर नव्वद लाखांवर माणसे आपल्या गावी गेली होती. इतकी माणसे इतक्या थोड्या दिवसांत घरी परतल्याची उदाहरणे जगात फार थोडी आहेत.

आणि त्याच १९७२ साली महाराष्ट्रात दुष्काळ पडला. दुसऱ्यांना शिधा देणारा देश स्वतःच धान्य शोधू लागला. परदेशातून आलेली लाल मिलो ज्वारी रेशनवर मिळाली, खडी फोडायच्या कामांवर सुकडी वाटली गेली. मिलोच्या भाकरीला चव नव्हती अशी तक्रार म्हातारी माणसे करीत, पण तिने जीव जगवले. देणारा आणि घेणारा अशी माणसांची दोन निराळी गावे नसतात. पाऊस एक वर्ष रुसला की या गावचा माणूस त्या गावचा होतो.

आपल्या विदर्भातले शेजारी

सगळेच परत जात नाहीत. त्यांची वस्ती आपल्या विदर्भात पाहायला मिळते. १९७१ च्याही आधी, फाळणीनंतरच्या काळात पूर्व बंगालातून आलेल्या कुटुंबांना येथे जमीन देण्यात आली. आजच्या गडचिरोली जिल्ह्यात चामोर्शी आणि मुलचेरा तालुक्यांत त्यांची गावे आहेत. जंगलात येऊन त्यांनी भात पिकवला, तळ्यांत मासळी वाढवली. गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी-मोरगाव तालुक्यात गोठणगावजवळ तिबेटी लोकांची वसाहत आहे. ती १९७२ च्या सुमारास वसली आणि तेथील लोक थंडीत गावोगाव स्वेटर विकायला जातात.

या वस्त्यांनी कष्ट केले, यात शंका नाही. पण त्या जंगलाच्या कडेला पिढ्यान् पिढ्या राहणारा गोंड-माडिया शेजारीही होताच. ज्या रानातून तो मोह आणि डिंक आणी, त्याचा तुकडा कमी झाला. निर्वासितांना वसवण्याचे मोठेपण सरकारच्या नावे लिहिले गेले, पण जमीन ज्यांच्या शेजारची गेली त्यांचे नाव क्वचितच घेतले गेले. कोणाला आश्रय द्यायचा तर शेजाऱ्याला विचारून, त्यालाही काही देऊन द्यावा, ही गोष्ट तेव्हा पुरेशी सांभाळली गेली नाही.

आपल्या जिल्ह्यातही हे दिसते. बेंबळा धरणाने बाभूळगाव तालुक्यातली गावे उठली. धरणाने उठलेल्या माणसाला कोणी निर्वासित म्हणत नाही, पण घर सोडण्याचे दुःख तेच आहे. आणि जुन्या गावाला लागून पुनर्वसनाचे गावठाण बसते, तेव्हा गायरान, पांदण आणि पिण्याचे पाणी यांवरून कुरबुर होते, ती दोन्हीकडची माणसे वाईट असतात म्हणून होत नाही. एका गावापुरते जे होते, त्यात दोन गावे बसवली आणि वाढवून काहीच दिले नाही, म्हणून होते.

उलट भार नीट वाटला गेला तर काय होते, त्याचा दाखला कोल्हापूरकडे आहे. दुसऱ्या महायुद्धात रशियातून सुटून आलेले सुमारे पाच हजार पोलिश लोक, बहुतेक बायका आणि मुले, १९४३ ते १९४८ या काळात कोल्हापूरजवळ वळिवडे येथे राहिले. जागा कोल्हापूर संस्थानची होती आणि खर्चाची जबाबदारी लंडनमधल्या पोलंडच्या सरकारने घेतली होती. छावणीत शाळा होत्या, दवाखाना होता, आणि भाजी-दूध विकणाऱ्या आसपासच्या लोकांना गिऱ्हाईक मिळाले. सत्तर वर्षांनीही त्या मुलांपैकी काही जण म्हातारपणी कोल्हापूरला भेटायला आले. यजमानाच्या घरातला कणगा रिकामा झाला नाही, म्हणून आठवणीही गोड राहिल्या.

बांगलादेशाची पाळी

आता काळाचा फेरा पाहा. २०१७ च्या ऑगस्टमध्ये म्यानमार देशातून रोहिंग्या लोकांना पळावे लागले. काही महिन्यांत सात लाखांवर माणसे बांगलादेशात आली. ज्या देशाचे एक कोटी लोक एके काळी आपल्या दारात उभे होते, त्याच देशाच्या दारात आता दुसऱ्यांची रांग लागली. कॉक्स बाजार जिल्ह्यातल्या उखिया आणि टेकनाफ या दोन तालुक्यांत आज दहा लाखांवर रोहिंग्या राहतात. मूळचे रहिवासी तेथे संख्येने कमी झाले आहेत.

पहिल्या वर्षी चुलीसाठी डोंगरच्या डोंगर उघडे बोडके झाले. गावच्या बाया सरपणाला गेल्या तर तेथे झाड नाही. मग २०१८ पासून मदतसंस्थांनी गॅसच्या टाक्या वाटायला सुरुवात केली. छावणीतल्या घरांना आणि गावच्या गरीब घरांनाही. रानावरचा ताण बराच उतरला. अशा मदतीत यजमान गावाचा वाटा काढला की भांडण अर्धे मिटते.

परंतु पैसा नेहमी वेळेवर येत नाही. जागतिक अन्न कार्यक्रमाकडून या लोकांना माणशी महिन्याला १२ डॉलरचा शिधा मिळे. देणाऱ्या देशांनी हात आखडता घेतला आणि २०२३ च्या मार्चमध्ये तो १० डॉलरवर, जूनमध्ये ८ डॉलरवर आला. २०२४ मध्ये तो पुन्हा वाढवला गेला. पण मधल्या महिन्यांत जी पोटे अर्धी राहिली, ती शेजारच्या गावातच काम शोधणार, तेही मिळेल त्या मजुरीत. दूरच्या देशाने अंदाजपत्रकात एक आकडा खोडला की त्याची झळ टेकनाफच्या मजुराला बसते.

संयुक्त राष्ट्रांच्या मोजणीप्रमाणे २०२४ च्या अखेरीस जगात १२ कोटी ३२ लाख माणसे आपल्या घरातून उखडलेली होती. त्यांतली निम्म्याहून अधिक आपल्याच देशात दुसरीकडे गेलेली. जी देश सोडून गेली, त्यांतल्या तिघांपैकी दोघे लगतच्या शेजारी देशात थांबले, आणि चारांतले जवळजवळ तिघे गरीब किंवा मध्यम उत्पन्नाच्या देशांत. कारण उघड आहे. जीव घेऊन पळणारा माणूस श्रीमंत घर शोधत नाही, जवळचे दार ठोठावतो. आणि जवळचे दार बहुधा त्याच्यासारख्याच गरिबाचे असते.

वाटणी कशी करावी

यावर तोडगा नाही असे नाही. जर्मनीत आश्रय मागणारे लोक आले की त्यांची प्रांतांत वाटणी एका ठरलेल्या हिशेबाने होते. प्रांताचे कराचे उत्पन्न दोन भाग आणि लोकसंख्या एक भाग धरतात, आणि त्यावरून प्रत्येक प्रांताचा वाटा निघतो. आपल्या गावात सप्त्याची वर्गणी एकरावर आणि उंबऱ्यावर लावतात, तशातलाच हा प्रकार. ज्याच्या घराला लागून मंडप पडला, त्यानेच सगळा खर्च करावा असे कोणी म्हणत नाही.

आफ्रिकेतल्या युगांडा देशात पंधरा लाखांहून अधिक निर्वासित आहेत. देश गरीब, पण तेथे निर्वासिताला घरासाठी आणि कसण्यासाठी जमिनीचा तुकडा देतात आणि मजुरीला जायची मोकळीक असते. ती जमीन बऱ्याच ठिकाणी तेथल्या कुळांनी दिलेली आहे. तेथे एक नियम ठेवला आहे, की येणाऱ्या मदतीपैकी तीस टक्के यजमान गावांच्या कामी यावी: शाळा, बोअरवेल, दवाखाना. सगळे सुरळीत आहे असे नाही. माणसे वाढली तसे जमिनीचे तुकडे लहान झाले आणि बाहेरची मदतही आटली. तरी नियमाची दिशा बरोबर आहे.

देशादेशांत मात्र असा हिशेब नाही. १९५१ च्या निर्वासितांच्या करारात आश्रितांचे हक्क लिहिले आहेत, पण कोणी किती भार घ्यावा हे लिहिलेले नाही. भारताची त्या करारावर सहीही नाही. सही नसताना आपण एक कोटींना दार उघडले. २०१८ च्या डिसेंबरात संयुक्त राष्ट्रांत निर्वासितांसाठी एक जागतिक समझोता झाला. त्यात जबाबदारी वाटून घेण्याची भाषा स्पष्ट आहे, पण तो कोणावर बंधनकारक नाही. वर्गणी द्यावी असे ठरले, पण वही कोणी उघडली नाही, असा तो प्रकार.

तुमच्यापैकी कोणी म्हणेल, कापसाला भाव नाही, सोयाबीन येलो मोझॅकने गेले, बँकेचा तगादा आहे. आम्हाला जगाची उठाठेव कशाला? हा प्रश्न रास्त आहे. पण याच कारणासाठी वाटणीचा आग्रह आपण धरला पाहिजे. दार उघडायचे पुण्य सगळ्यांचे आणि पीठ मात्र एकाच घरचे, अशी रीत राहिली तर एक दिवस ते घर दार लावून घेईल. तेव्हा आश्रय मागणाऱ्याला शिव्या देऊन काही साधत नाही. दूर बसून उपदेश करणाऱ्याला त्याचा वाटा विचारला पाहिजे.

आणि गावापुरते बोलायचे तर पुराने, धरणाने किंवा दुष्काळाने उठलेली माणसे आपल्या किंवा शेजारच्या गावात कधीही येऊ शकतात. तेव्हा या गोष्टी कराव्यात. ग्रामसभा लगेच बोलवावी आणि आलेल्यांची नावे वहीत लिहावीत. कोणत्या घराने काय द्यायचे ते ठरवावे, म्हणजे एकाच ओसरीवर ओझे पडत नाही. मजुरीचा दर दोघांना एकच ठेवावा. निम्म्या मजुरीत पाहुण्याला राबवून घेणारा गावच्या मजुराचाही घास काढतो. पाण्याची पाळी ठरवताना बायांना विचारावे, कारण घागर त्यांच्या डोक्यावर असते. तालुक्याकडे मागणी करताना आलेल्यांसाठी धान्य मागावे आणि त्याच अर्जात गावासाठी बोअरवेल व शाळेची खोलीही मागावी. आणि शेजारचे गाव हा भार उचलत असेल, तर आपण ज्वारीचे पोते आणि पऱ्हाटीचे सरपण भरलेली बंडी तिकडे पाठवावी. आधी त्या गावाला काय हवे ते विचारावे, म्हणजे चुलीला सरपण हवे असताना कपड्यांचे गठ्ठे जात नाहीत.